बॉण्डच्या आधी काय? गावात काम करू शकेल असा डॉक्टर घडवायचा कुठे?

रानजाई
दरवर्षी आमच्या ग्रामीण रुग्णालयात आणि आसपासच्या पीएचसींमध्ये (प्राथमिक आरोग्य केंद्रांमध्ये) बॉण्डवरचे, म्हणजे शिक्षणानंतर ठरावीक काळ सरकारी सेवा करण्याच्या अटीवरचे, नवे डॉक्टर रुजू होतात. मुलं हुशार असतात, बहुतेकांना मनापासून काम करायचं असतं. तरी पहिले काही महिने ती हबकलेली असतात. गावकरी चिडतात, वरचे अधिकारी चिडतात आणि 'आजकालच्या पोरांना काही येत नाही' असा शेरा मारून सगळे मोकळे होतात. मला हा शेरा अन्यायाचा वाटतो. या मुलांना साडेपाच वर्षांत जे रुग्ण दाखवले आणि आमच्या दारात जे रुग्ण येतात, त्यांत फार मोठं अंतर आहे. त्यावरच इथे बोलावं म्हणून हा धागा.

एक उदाहरण देते. पावसाळ्यात पहाटे चारच्या सुमाराला एखादा माणूस 'पोटात दुखतंय, घसा आवळल्यासारखा वाटतोय' म्हणून येतो. रात्री जमिनीवर झोपलेला असतो. अंगावर खूण नाही, सूज नाही, ताप नाही. सोबतचे सांगतात, रात्री भजी खाल्ली होती. ॲसिडिटीचं इंजेक्शन देऊन त्याला घरी धाडलं, तर थोड्या वेळाने पापण्या जड होतात, थुंकी गिळता येत नाही आणि मग श्वासच थांबतो. ही मण्यार, विषारी साप. तिचा दंश बहुधा दुखत नाही, खूण भिंग घेऊन शोधली तरी सापडत नाही. हाच रुग्ण मेडिकल कॉलेजात पोचतो तेव्हा त्याच्या घशात नळी असते, रेफर चिठ्ठीवर 'मण्यार दंश' लिहिलेलं असतं आणि मुलं त्याची उत्तम केस प्रेझेंट करतात. पण निदान तर आधीच झालेलं असतं! ते ज्याने पहाटे चारला केलं, त्याच्या शेजारी एकही विद्यार्थी उभा नव्हता.

मोठ्या रुग्णालयात आजार पिकलेल्या अवस्थेत येतो, चाळणीतून गाळून येतो. गावात तो कच्चा येतो, दहा साध्या आजारांत मिसळलेला येतो. त्या दहांतून तो एक ओळखणं ही वेगळी विद्या आहे आणि ती शिकवण्याची जागा कॉलेजच्या वॉर्डात नाही.

घोणस-फुरशाच्या दंशाचंही तसंच. दोन मिली रक्त कोऱ्या, कोरड्या काचेच्या नळीत घ्यायचं, वीस मिनिटं न हलवता ठेवायचं आणि मग नळी एकदाच तिरकी करायची. रक्त पाण्यासारखं वाहिलं तर विष अंगात भिनलंय, अँटिव्हेनम (सापाच्या विषावरचं औषध) सुरू करा. प्लास्टिकची नळी चालत नाही. साबणाने धुतलेली काचेचीही चालत नाही, कारण तिच्यात धडधाकट माणसाचं रक्तही नीट गोठत नाही. पुस्तकात याला जेमतेम चार ओळी आहेत. नव्या मुलांनी ही चाचणी तोंडपाठ सांगितलेली मी ऐकली आहे, आणि त्याच मुलांनी प्रयोगशाळेतली धुतलेली नळी उचललेलीही पाहिली आहे. बाजूला बसून कुणी एकदा करून घेतलं असतं तर हे झालं नसतं.

कागदावर तरतूद कधीच कमी नव्हती. भोर समितीने १९४६ मध्येच 'सामाजिक वैद्य' घडवा म्हणून सांगितलं होतं. १९७७ साली प्रत्येक मेडिकल कॉलेजने तीन विकास गटांची जबाबदारी घ्यावी, अशी योजना आली. फिरत्या दवाखान्यांच्या गाड्या आल्या आणि हळूहळू बंदही पडल्या. २०१९ पासून नवा अभ्यासक्रम आहे, त्यानंतर विद्यार्थ्यांनी गावातली कुटुंबं दत्तक घेण्याचा कार्यक्रम आला, इंटर्नशिपमध्ये कम्युनिटी मेडिसिनला (समाजाच्या आरोग्याच्या विषयाला) बारा आठवडे आहेत. पण हे सगळं तुकड्यातुकड्यांत होतं. बसने जायचं, फॉर्म भरायचे, बसने परत. रुग्णाचा भार त्या मुलावर एक दिवसही पडत नाही.

माझं मत असं आहे की शेवटच्या वर्षात सलग सहा महिने विद्यार्थ्याने एकाच ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात राहून शिकावं. मेडिसिन, बाळंतपण, लहान मुलं, अपघात, विषबाधा, सगळं तिथेच आणि शिकवायला ठरलेला एकच डॉक्टर. बॉण्डने डॉक्टर गावात पोचतो, पण पोचलेला डॉक्टर तयार असेलच असं नाही. तुमचे अनुभव वाचायला आवडतील, विरोधी मतंही हवी आहेत.

सातपुडा_एमओ
रानजाईताई, अगदी माझंच लिहिलंत. मी सध्या धडगाव भागात बॉण्डवर आहे. मण्यारीबद्दल लिहिलंत, मी पोस्टमॉर्टेमबद्दल लिहितो.

रुजू झालो त्याच आठवड्यात हवालदार इन्क्वेस्ट पंचनाम्याचे (मृत्यूच्या चौकशीचे) कागद घेऊन दारात उभा. कॉलेजात आम्ही गॅलरीत उभं राहून पीएम पाहिली होती, हातात सुरी कुणी दिली नव्हती. व्हिसेरा (तपासणीसाठी काढलेले अवयवांचे भाग) कधी राखायचा, कोणत्या बाटलीत कोणतं द्रावण, लेबलवर काय, मृत्यूचं कारण 'राखून ठेवले' केव्हा लिहायचं, हे मला आमच्या पीएचसीतल्या शिपाई काकांनी आणि शेजारच्या तालुक्यातल्या सिनियरने फोनवरून सांगितलं. नंतर कोर्टाचं समन्स येतं ते वेगळंच. माझ्या सहीवर कुणाची तरी जन्मठेप किंवा सुटका अवलंबून असू शकते आणि त्याची तयारी फोनवर झालेली.

दुसरी अडचण भाषेची. इथे पावरी आणि भिलोरी बोलतात. माझं मराठी इथल्या आजीला परकंच. एमबीबीएसच्या सुरुवातीच्या फाउंडेशन कोर्समध्ये स्थानिक भाषेचे तास होते खरे, पण ते परप्रांतातून आलेल्या मुलांना मराठी शिकवण्यात गेले. आशाताई मध्ये बसते म्हणून माझी ओपीडी चालते.

इंटर्नशिपच्या बारा आठवड्यांचंही खरं सांगतो. आमच्या कॉलेजात ग्रामीण केंद्रावर हजेरीची सही करून सगळे लायब्ररीत परत यायचे. आळस म्हणून नाही. पीजीची (पदव्युत्तर शिक्षणाची) प्रवेश परीक्षा डोक्यावर असते आणि तिथे पीएचसीत काय शिकलात याला शून्य गुण आहेत. मुलं ज्याला गुण आहेत ते करतात. हे बदललं नाही तर सहा महिने काय, दोन वर्षं ठेवलीत तरी ती खोलीत बसून प्रश्नसंच सोडवतील.

तापीकाठ
मी डॉक्टर नाही. माझं माहेर शिरपूर तालुक्यातलं, आई-वडील तिथेच असतात. आमच्या पीएचसीत बॉण्डचे डॉक्टर येतात ते चांगलेच असतात, तक्रार नाही. पण वर्ष झालं की जातात. आईला बीपी आणि शुगर दोन्ही आहे. प्रत्येक नवा डॉक्टर गोळी बदलतो, कारण आधीच्याने का दिली होती ते कुठे लिहिलेलं नसतं. मग ती बदललेल्या गोळ्यांना कंटाळून दोन-दोन महिने काहीच घेत नाही.

त्यामुळे मला प्रशिक्षणापेक्षा टिकण्याचा प्रश्न मोठा वाटतो. क्वार्टर गळकं, पाण्याची बोंब, लेडी डॉक्टर असेल तर रात्री एकटीने राहायचं कसं, मुलांची शाळा, नवऱ्याची नोकरी. तुम्ही कितीही छान शिकवलं तरी त्या घरात कोण राहील?

रानजाई
तापीकाठताई, क्वार्टरचा मुद्दा शंभर टक्के मान्य. पण टिकण्याचा आणि शिकण्याचा संबंध आहे. ज्याला रोज रात्री भीती वाटते तो पहिल्या संधीला पळतो. हात बसलेला असला की भीती कमी होते. आणि गोळी बदलण्याचं म्हणाल, तर तीही न शिकवलेलीच गोष्ट आहे. एकाच बीपीच्या रुग्णाला सहा महिने स्वतः सांभाळलेला विद्यार्थी आधीच्याची गोळी उगाच बदलणार नाही. कॉलेजात रुग्ण डिस्चार्ज झाला की त्याच्यासाठी संपतो.

जुना_सेवाग्रामी
धागा आवडला. सेवाग्रामचा उल्लेख कसा आला नाही याचं आश्चर्य वाटलं, म्हणून लिहितो.

डॉ. सुशीला नायर यांनी १९६९ साली, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, सेवाग्रामला मेडिकल कॉलेज काढलं ते याच प्रश्नाचं उत्तर म्हणून. तिथे प्रवेश झाल्यावर मुलं आधी आश्रमात पंधरा दिवस राहतात. प्रार्थना, सफाई, सूतकताई. मग प्रत्येक बॅच एक गाव दत्तक घेते आणि पहिल्याच वर्षी त्या गावात मुक्कामी शिबिर होतं. प्रत्येक विद्यार्थ्याच्या वाट्याला काही घरं येतात. शिबिर संपलं तरी ठरावीक दिवशी त्या घरी जात राहायचं. देशभर आता कुटुंब दत्तक घेण्याचा जो कार्यक्रम आहे, तो सेवाग्रामला कितीतरी आधीपासून आहे.

माझ्या वाट्याला आलेल्या घरांत एक कापूस वेचायला जाणारी बाई होती. तिचं हिमोग्लोबिन कमी, लोहाच्या गोळ्या दिल्या, तरी वाढेना. मी गोळ्या मोजल्या, तिने सगळ्या घेतल्या होत्या. शेवटी तिच्या धाकट्या जावेने सांगितलं की पाळीत महिन्याचे दहा-दहा दिवस जातात, पण पुरुष डॉक्टरला कोण सांगणार? वॉर्डात मी तिला 'रिस्पॉन्स नाही' लिहून पुढच्या तपासण्या लावल्या असत्या. ओसरीवर चौथ्यांदा चहा घेतल्याशिवाय ही माहिती निघत नाही.

एक मुद्दा रानजाईंच्या बाजूने. सेवाग्राममध्ये पीजीला जायचं तर आधी दोन वर्षं ग्रामीण सेवा करावी लागत असे. म्हणजे गावातल्या कामाला पुढच्या दाराची किल्ली केलं होतं. सातपुडा_एमओ म्हणतात ते 'शून्य गुण' तिथे शून्य नव्हते. देशभर एकच प्रवेश परीक्षा झाल्यावर अशा अटींना फारसा वाव उरला नाही, ही मोठी हानी झाली असं माझं स्पष्ट मत आहे.

सावित्रीकाठ
महाडकर म्हणून एक भर. डॉ. हिंमतराव बावस्कर नागपूरला शिकून बिरवाडीच्या पीएचसीत आले. लाल विंचवाच्या दंशाने धडधाकट माणसं, लहान मुलं जात होती. कॉलेजात त्यावर काही धड शिकवलेलं नव्हतं, कारण शहरात तो रुग्ण नव्हता. त्यांनी रुग्णाच्या उशाशी बसून नोंदी ठेवल्या, हृदयावर काय ताण येतो ते पाहिलं आणि प्राझोसिन वापरलं. रक्तदाबाची साधी गोळी. मृत्यूचं प्रमाण सुमारे चाळीस टक्क्यांवरून एक टक्क्याच्या आसपास आलं आणि ते सगळं लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. पीएचसीत बुद्धी गंजते असं मानणाऱ्या पालकांना मी हे नेहमी सांगतो.

क्रॅब_नेब्युला
+१. गडचिरोलीचं सर्चही, डॉ. अभय आणि राणी बंग यांची संस्था, त्याच जातीचं. १९८६ पासूनचं काम, आणि घरोघरी नवजात बाळाच्या काळजीचा १९९९ चा अभ्यासही लॅन्सेटमध्येच.

टाउन्सव्हिलकर
ऑस्ट्रेलियातून लिहितोय. मी इथे छोट्या गावात जनरल प्रॅक्टिस करतो, विद्यार्थी शिकवतो. रानजाई, तुमची सहा महिन्यांची सूचना इथे कुणाला धाडसी वाटणार नाही. फ्लिंडर्स विद्यापीठाने १९९७ मध्ये काही विद्यार्थ्यांना अख्खं वर्ष नदीकाठच्या छोट्या गावांत पाठवायला सुरुवात केली. मेडिसिनचे इतके आठवडे, सर्जरीचे इतके, असे कप्पे नाहीत. सकाळी दवाखान्यात गरोदर बाई पाहायची, दुपारी तिच्या सासऱ्याची जखम आणि काही आठवड्यांनी तिचंच बाळंतपण. सुरुवातीला सगळ्यांना भीती होती की मुलं परीक्षेत मागे पडतील. पुढे गुण तपासले तर ती शहरातल्या मोठ्या रुग्णालयात शिकलेल्यांपेक्षा सरस निघाली. २००४ च्या ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये तो अभ्यास आहे.

दुसरी गोष्ट निवडीची. इथलं जेम्स कुक विद्यापीठ प्रवेशाच्या वेळी मुलगा कुठे वाढला हेही बघतं. जपानमध्ये जिची मेडिकल युनिव्हर्सिटी १९७२ पासून प्रत्येक प्रांतातली मुलं निवडून घेते, फीचा भार उचलते आणि साधारण नऊ वर्षं त्यांनी आपापल्या प्रांतात काम करायचं. गावात वाढलेला डॉक्टर गावात परतण्याची शक्यता जास्त, याला जगभरातून आधार आहे. आपल्याकडे सत्तर टक्के जागा त्याच विभागातल्या मुलांना आणि तीस टक्के बाहेरच्यांना, हे मेडिकल प्रवेशाचं सत्तर-तीसचं सूत्र २०२० मध्ये गेलं. त्यावर तेव्हा भांडणं झाली ती टक्केवारीची. मागे राहिलेल्या भागांना पुढे डॉक्टर कोण देणार, हा मुद्दा फारसा कुणी मांडला नाही.

स्टेथो_आणि_खडू
मी एका सरकारी मेडिकल कॉलेजात शिकवते. कॉलेजचं नाव लिहीत नाही. थोडा विरोधी सूर लावते, राग मानू नका.

सहा महिने गावात पाठवायचं तर शिकवणार कोण? ग्रामीण रुग्णालय तीस खाटांचं. मंजूर पदं भरलेली असतात का? भूलतज्ज्ञ आठवड्यातून एकदा येतो. तिथल्या एमओला (वैद्यकीय अधिकाऱ्याला) ओपीडी, पीएम, एमएलसी (पोलिसांशी संबंधित केसेस), मीटिंग, साठ्याचे रिपोर्ट, त्यात आणखी दहा विद्यार्थी. तो माणूस मोडून पडेल. २०२५ च्या नियमांनी २२० किंवा जास्त खाटांच्या सरकारी रुग्णालयातल्या अनुभवी तज्ज्ञांना अध्यापक होण्याची वाट थोडी मोकळी केली आहे, पण ती जिल्हा रुग्णालयापर्यंतच पोचते. तीस खाटांच्या रुग्णालयातला डॉक्टर कितीही उत्तम शिकवत असला तरी राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या हिशेबात तो शिक्षक नाही. त्याला मानधन नाही, पदनाम नाही.

शिवाय २०२४ साली राज्यात एकदम दहा नवी सरकारी कॉलेजं सुरू झाली. गडचिरोली, हिंगोली, वाशीम, बुलढाणा ही नावं ऐकून बरं वाटतं. पण आमच्यातलेच लोक तिकडे बदलीवर जातात आणि इकडचे विभाग रिकामे होतात. आधी कॉलेजात तरी नीट शिकवू द्या, मग गावाचं बघू, असं माझ्या अनेक सहकाऱ्यांचं म्हणणं आहे. मला ते पूर्ण पटत नाही, पण त्यांची दमछाक खरी आहे.

रानजाई
स्टेथोताई, राग कसला, सगळ्यात कामाचा प्रतिसाद तुमचाच आहे. दहा नकोतच. एका रुग्णालयाला दोन विद्यार्थी. दोन असले की ओझं होत नाही, दुसऱ्या महिन्यापासून मदतच होते. ड्रेसिंग, बाळंतिणीच्या फेऱ्या, रात्रीचं निरीक्षण ते करू लागतात. मात्र पदनाम आणि मानधनाशिवाय हे चालणार नाही, इथे मी तुमच्याशी सहमत आहे.

आणि पीजी रहिवासी डॉक्टरांना तीन महिने जिल्हा रुग्णालयात पाठवायचा नियम आलाच ना? सुरुवातीला किती गोंधळ झाला. पण आमच्या जिल्ह्यात रहिवासी भूलतज्ज्ञ आल्यापासून रात्रीची सिझेरियन रेफर करायचं प्रमाण डोळ्यांना दिसेल इतकं घटलं. तसेच एक-दोघे उपजिल्हा रुग्णालयापर्यंत उतरले तर एमबीबीएसच्या मुलांना शिकवायला माणूस मिळतो.

एएनएम_सुईदोरा
मी उपकेंद्रात एएनएम (परिचारिका) आहे. सगळं वाचलं. मोठ्या लोकांत बोलू का नको वाटलं, पण बोलते.

डॉक्टर होणारी मुलं आमच्याकडे येतात, फोटो काढतात, रजिस्टर बघतात, जातात. त्यांना आशाताईबरोबर बाळंतिणीच्या घरी पाठवा. दवाखान्यात बाळंतपण झालं तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी आशा जाते. सहाही वेळा त्याच घरी पाठवा. बाळाचा श्वास पूर्ण मिनिट मोजायचा असतो, अर्धा मिनिट मोजून दुप्पट करून चालत नाही. बाळ रडत असेल तर थांबायचं. आमच्या आशा ते बरोब्बर करतात. एका नव्या डॉक्टरने आशाने मोजलेला श्वास न बघता 'बाळ ठीक आहे' म्हटलं, त्याच रात्री बाळाला जिल्ह्याला न्यावं लागलं. न्यूमोनिया होता, वाचलं. डॉक्टरांनी आमचं ऐकायला शिकलं पाहिजे. हे कोणत्या विषयात शिकवतात मला माहीत नाही.

सातपुडा_एमओ
ताई, बोलत राहा. माझी ओपीडी तुमच्यासारख्यांवरच उभी आहे.

जुना_सेवाग्रामी
एएनएम ताईंचा प्रतिसाद कम्युनिटी मेडिसिनच्या प्रत्येक विभागात लावायला हवा. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी १९७० पासून हेच केलं. अक्षर ओळख नसलेल्या बायकांना आरोग्यसेविका म्हणून घडवलं आणि बाहेरून आलेल्या डॉक्टरांना त्यांच्याकडून शिकायला बसवलं.

तापीकाठ
मघाशी मी प्रशिक्षण दुय्यम म्हटलं होतं. आता वाटतं, आईच्या गोळ्यांचा कागद आशाताईकडेच ठेवायला सांगते. डॉक्टर बदलला तरी ती तीच असते.

स्टेथो_आणि_खडू
रानजाई, परीक्षेचं काय? सातपुडा_एमओंचा मुद्दा कुणी पुढे नेला नाही. मुलं गुणांच्या मागे जातात, हे मी रोज पाहते.

रानजाई
आपल्या हातात आहे तेवढं सांगते. पीजीची प्रवेश परीक्षा आपण बदलू शकत नाही, पण विद्यापीठाची अंतिम प्रात्यक्षिक परीक्षा बदलू शकतो. एक लाँग केस (सविस्तर तपासायचा रुग्ण) ग्रामीण रुग्णालयातली असावी, रेफर चिठ्ठी नसलेली, निदान न झालेली. बाह्य परीक्षकांत एक जण ग्रामीण रुग्णालयाचा अधीक्षक असावा. लॉगबुकमध्ये 'पाहिले' आणि 'स्वतः केले' असे वेगळे रकाने करा आणि दुसऱ्या रकान्यावर कॉलेजच्या शिक्षकाची सही नको, जिथे केलं तिथल्या एमओची घ्या. त्या रकान्यात माझ्या मते हे हवंच: काचेच्या नळीची चाचणी, फवारणीच्या विषबाधेत छाती कोरडी होईपर्यंत ॲट्रोपिन हे औषध देणं, अँबू बॅगवर (हाताने दाबून श्वास द्यायच्या पिशवीवर) रुग्णाला १०८ च्या गाडीतून पुढच्या रुग्णालयापर्यंत नेणं, बाळंतपणानंतरचा रक्तस्राव थांबवणं, एक पीएम सुरुवातीपासून अहवालापर्यंत. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना शेतकरी-शेतमजूर गेले, तेव्हा पहिला डॉक्टर कोण भेटला यावर बरंच काही ठरत होतं.

तुमच्या अभ्यास मंडळाच्या बैठकीत हे मांडता येईल का? मसुदा मी लिहून देते. सातपुडा_एमओ, पीएमचा भाग तुम्ही लिहाल का? व्हिसेराच्या बाटल्या आणि लेबलांपासून सुरू करा, तुम्हाला फोनवर विचारावं लागलं ते सगळं त्यात यायला हवं.

सातपुडा_एमओ
लिहितो. रविवारी ओपीडी हलकी असते, तेव्हा बसतो. शिपाई काकांनाही विचारून घेतो, त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

स्टेथो_आणि_खडू
मसुदा व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेत घालायचा प्रयत्न करते. परीक्षकांचा मुद्दा अडेल असं वाटतं, लॉगबुकचा कदाचित पुढे सरकेल. तेवढ्यापासून सुरुवात करू.